नवऱ्याचा फोन लागला नाही की जीव कासावीस होतो: याचं मूळ बालपणात आहे का?

प्रश्न: मॅडम, मी २९ वर्षांची आहे. माहेर शहादा तालुक्यातलं. मी वर्षाची असल्यापासून आई-बाबा दिवाळी झाली की ऊसतोडीला गुजरातेत बारडोलीकडे जायचे, ते अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास परतायचे. मला आजीने सांभाळलं. अखाजीला आई आली तरी मी तिच्याकडे जायचे नाही, आजीच्या लुगड्यामागे लपायचे, असं सगळे आजही हसून सांगतात. सहाव्या वर्षी बाबांना सुरतेजवळ उधन्याला संचावर (यंत्रमागावर) काम लागलं आणि मला तिकडे नेलं. आजी गावीच राहिली, दोन वर्षांनी वारली. आता लग्नाला तीन वर्षं झालीत. मिस्टर भुसावळला लोको पायलट आहेत. ते लाइनवर गेले आणि फोन लागला नाही की छातीत धडधडतं, मी वीस-वीस कॉल करते. ते घरी आले की भांडते, ते एक शब्द बोलत नाहीत, जेवून झोपतात. मोबाइलवर वाचलं की मी ‘अँक्शियस’ (काळजी करणारी) आणि ते ‘अव्हॉइडंट’ (दूर राहणारे), असं जोडपं टिकत नाही. आई जवळ नव्हती म्हणून मी अशी झाले का? मुलगी दहा महिन्यांची आहे. जूनमध्ये मला शाळेवर हजर व्हायचंय, तिला सासूबाईंकडे ठेवावं लागेल. तिचंही माझ्यासारखंच होईल का?

उत्तर: ताई, आधी तिन्ही प्रश्नांची सरळ उत्तरं देते, मग खुलासा. तुमच्या धडधडीचा बालपणाशी संबंध असावा असं मलाही वाटतं, पण तुम्ही तो जिथे जोडलाय तिथे मी जोडणार नाही. ‘असं जोडपं टिकत नाही’ याला काडीचा आधार नाही. आणि आजीकडे राहिली म्हणून तुमच्या लेकीचं काही बिघडणार नाही. तिला तिकडे कसं सोपवायचं एवढं मात्र बघावं लागेल, ते पुढे लिहिते.

तुमच्या पत्रात आई जवळ नसण्याचं दुःख ठसठशीत आहे. आजीसाठी मात्र अर्धी ओळ: ‘गावीच राहिली, दोन वर्षांनी वारली.’ मला तीच अर्धी ओळ सगळ्यात जड वाटली. धुळे-नंदुरबारकडच्या ऊसतोड कुटुंबांतली, सुरतेला गेलेल्या घरांतली, आता तिशी-चाळिशीत असलेली माणसं माझ्याकडे येतात. जवळपास प्रत्येकाच्या हिशोबात ही गफलत असते. आईचा दुरावा मोजलेला असतो. जिने सांभाळलं तिचा दुरावा कुणी मोजलेलाच नसतो, कारण घरात तो दुरावा मानलाच गेला नाही. पोर आपल्या आई-बापाकडे आली, मग रडायचं कारण काय?

लळा कसा लागतो यावर पायाभूत काम केलं ते जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने. तोपर्यंत समज असा होता की जो भरवतो त्याचा लळा लागतो. १९५८ साली अमेरिकेत हॅरी हार्लो यांनी माकडाच्या पिल्लांवरचे प्रयोग मांडले. पिंजऱ्यात एक तारेची ‘आई’, तिला दुधाची बाटली लावलेली. दुसरी मऊ कापडाची, तिच्याजवळ दूध नाही. पिल्लं पिण्यापुरती तारेकडे जात आणि बाकी वेळ कापडाला बिलगून राहत. भीती वाटली की पळत येत ती कापडाकडेच. (प्रयोग निर्दयी होते, आज तसे करूही देणार नाहीत.) बोल्बींचं म्हणणं असं की भुकेइतकीच ही मूळ गरज आहे: दुखलं, खुपलं, भ्यायलं की ज्याच्याकडे धावावं असं एक माणूस हवं. ते माणूस कोण, हे बाळ रक्ताच्या नात्यावरून ठरवत नाही. १९६४ मध्ये ग्लासगोतल्या ६० बाळांच्या पाहणीत दिसलं की जो बाळाच्या हाकेला ओ देतो, त्याच्याशी खेळतो, त्याचा लळा लागतो, मग दिवसभर घरात कोणीही असो. आणि दीड वर्षाचं होईपर्यंत बहुतेक बाळांना एकाहून जास्त माणसांचा लळा लागलेला होता.

खुद्द बोल्बींची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. ते लंडनच्या सुखवस्तू घरातले. त्या काळच्या रीतीप्रमाणे आई दिवसातून तासभर भेटायची, बाकी सगळं करायची ती मिनी नावाची दाई. बोल्बी जेमतेम चार वर्षांचे असताना मिनी काम सोडून गेली. तो वियोग आपल्याला आई गमावल्यासारखाच होता, असं पुढे त्यांनीच सांगितलं आहे. त्यांची आई तर त्याच घरात होती.

तुमची आजी ही तुमची मिनी. तुम्ही ‘आईविना’ वाढलात असं मला म्हणवत नाही. पहिली सहा वर्षं तुम्हाला एक भक्कम माणूस होतं. अखाजीला आई दारात उभी आणि तुम्ही लुगड्यामागे, यावर घरचे हसतात. मी ते असं वाचते: त्या पोरीला पक्कं ठाऊक होतं की भ्यायलं की कुठे जायचं. दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी ही फार मोठी कमाई आहे. आईच्या बाजूने बघाल तर त्याचीही नोंद आहे. बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी दवाखान्यात एकटी ठेवलेली लहान मुलं पाहिली होती. त्या काळी आई-बापांना आठवड्यातून मोजका वेळ भेटायला मिळे. मुलं आधी आकांत करायची, मग हिरमुसून पडून राहायची, शेवटी ‘शहाणी’ व्हायची. नर्सना वाटायचं, चला, रुळलं पोर. आई भेटायला आली की हेच शहाणं मूल तिच्याकडे परक्यासारखं बघायचं. ऊसतोडीहून परतलेल्या कितीतरी आयांनी हे सोसलंय. सहा महिने तोडीच्या पडावावर कोप्यात (झोपडीत) राहून, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडून घरी यावं आणि लेकराने तोंड फिरवावं. तुमच्या आईला त्या अखाजीला काय वाटलं असेल, हे तिला कधी विचारलंय का?

आता सहावं वर्ष. गाव सुटलं, भाषा बदलली, उधन्याची खोली, दिवसरात्र संचांची खडखड, आणि ज्या दोघांकडे राहायचं ते तुमच्यासाठी पाहुण्यांसारखे. आजी सांगून सुटली की न सांगता, हे तुम्ही लिहिलं नाही. माझा अनुभव असा की बहुतेक घरांत ‘चार दिवस फिरून येऊ’ असं सांगून नेतात. चार दिवस संपत नाहीत. मग आजी वारते, पोरीला शाळा बुडेल म्हणून नेत नाहीत. मुलाच्या मनात यातून एक अंदाज बसतो: आपलं माणूस नजरेआड झालं की ते परत येईलच असं नाही, आणि का गेलं ते कोणी सांगणारही नाही. लळ्याच्या अभ्यासात ज्याला ‘मनातला आराखडा’ म्हणतात, तो हाच अंदाज. लागोपाठ तीन वर्षं मृगाने दगा दिला की चौथ्या वर्षी आभाळ भरून आलं तरी शेतकरी कापूस लावायला धजत नाही, तसं हे. तो अंदाज चुकीचा नसतो. त्याच्या पाठीशी अनुभव असतो, फक्त तो मागच्या वर्षांचा असतो.

मोबाइलवर वाचलेले ते दोन शब्द आले कुठून तेही सांगते, म्हणजे त्यांची भीती कमी होईल.

मेरी एन्सवर्थ बोल्बींबरोबर काम करत होत्या. १९५४-५५ मध्ये त्या युगांडात होत्या. तिथल्या खेड्यांत घरोघरी जाऊन त्यांनी आई आणि बाळं पाहिली. नंतर अमेरिकेत बाल्टिमोरला २६ कुटुंबांकडे बाळाच्या पहिल्या वर्षभर नियमित भेटी दिल्या. वर्ष संपलं की आई आणि बाळाला एका खोलीत बोलावायचं. सगळा खेळ वीसेक मिनिटांचा: खोलीत खेळणी, आई बसलेली, एक अनोळखी बाई येते, आई बाहेर जाते, परत येते, पुन्हा जाते, बाळ क्षणभर एकटं राहतं, आई पुन्हा येते. आई गेल्यावर बाळ किती रडलं याला फारसं महत्त्व नाही. ती परत आल्यावर ते काय करतं हे बघायचं. काही बाळं रडत येतात, कडेवर चढतात, शांत होतात आणि पुन्हा खेळण्याकडे वळतात. ही सुरक्षित लळ्याची. काही बाळं हात पसरतात आणि उचलल्यावर लाथा झाडतात, बिलगतात आणि रागावतातही, त्यांचं समाधान होत नाही. ‘अँक्शियस’ हे नाव इथून आलं. काही बाळं आई आली याची दखलच घेत नाहीत, चेंडूशी खेळत राहतात. ‘अव्हॉइडंट’ ती ही. मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे चौथा गट मांडला, ज्यांना जवळ जावं की पळावं हेच उमगत नाही. ज्यांच्यावर सांभाळणाऱ्याचीच दहशत असते, अशी मुलं त्यात जास्त सापडतात. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही.

आता तुमच्या मिस्टरांना समजून घ्यायला उपयोगी पडेल अशी गोष्ट. दखल न घेणारी ती बाळं निर्विकार दिसतात. १९७७ मध्ये स्रूफ आणि वॉटर्स या संशोधकांनी अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजून बघितले. चेहरा शांत, हात खेळण्यावर, आणि ठोके मात्र रडणाऱ्या बाळांसारखेच वाढलेले. तुम्ही भांडता तेव्हा समोरचा माणूस भिंतीकडे बघत भाकरी मोडतो, ते बघून तुम्हाला वाटतं की याला काही वाटतच नाही. कदाचित त्यालाही तितकंच वाटत असेल. लहानपणी रडून कोणी आलं नाही, किंवा ‘पोरगं असून रडतोस?’ असं ऐकून ऐकून, दाबून टाकायची सवय लागली असेल. माझ्यासमोर असे कितीतरी पुरुष बसतात. बायको बाहेर गेली की म्हणतात, ‘ती बोलायला लागली की माझ्या डोक्यात नुसता भोंगा वाजतो, मॅडम.’ अर्थात तुमचे मिस्टर असेच आहेत असं मी पत्रावरून म्हणणार नाही. रात्रभर मालगाडी ओढून आलेला माणूस नुसता झोपेनेही गप्प असतो.

पण कृपा करून ही नावं एकमेकांना चिकटवू नका. संशोधकांनी ती दिली आई-बाळाच्या नात्याला, बाळाला नव्हे. एकच बाळ आईपाशी एका तऱ्हेचं आणि वडिलांपाशी दुसऱ्या तऱ्हेचं असू शकतं, हे १९८१ मध्येच दाखवलं गेलं. मोठ्या माणसांना हे गट प्रथम लावले हेझन आणि शेव्हर यांनी, १९८७ साली, डेन्व्हरच्या एका वर्तमानपत्रात प्रश्नावली छापून. सहाशेवर वाचकांनी ती भरून पाठवली. निम्म्याहून थोड्या जास्त लोकांनी स्वतःला सुरक्षित म्हटलं, साधारण पावभागाने दूर राहणारे, आणि उरलेल्यांनी काळजी करणारे. पुढच्या अभ्यासांत दिसलं की असे कप्पे माणसांत नसतातच. दोन पट्ट्या असतात: सोडून जाईल ही भीती किती, आणि जवळिकीचा संकोच किती. प्रत्येक जण दोन्हींवर कुठे ना कुठे असतो, आणि नातं बदललं, दिवस बदलले की जागाही सरकते. रीलवाल्यांना पट्ट्या विकता येत नाहीत, कप्पे विकता येतात.

बालपणाचा परिणाम विशी-तिशीपर्यंत पोचतो तरी किती? अमेरिकेतल्या मिनेसोटात १९७५च्या सुमारास गरीब घरांतल्या गरोदर बायांपासून एक अभ्यास सुरू झाला आणि त्यांची मुलं मोठी होईपर्यंत चालला. २००७ मध्ये त्यातून एक साखळी मांडली गेली. वर्षाचं असताना लळा सुरक्षित असलेली मुलं पहिली-दुसरीत सवंगड्यांत बरी रमली. जी रमली त्यांची सोळाव्या वर्षी जवळची मैत्री जास्त विश्वासाची होती. आणि ज्यांची मैत्री तशी, ते विशीत जोडीदाराशी वाद घालताना कमी कडवट होते. बघा, बालपण थेट लग्नात उडी मारत नाही. मधे शाळा आहे, मैत्रिणी आहेत, आणि प्रत्येक कडीला साखळी वळण घेऊ शकते. सगळे अभ्यास एकत्र केले तर वर्षाच्या वयातल्या लळ्याचा पुढच्या काळाशी संबंध मध्यम ते कमी निघतो. आहे, पण त्यावरून कोणाचं लग्न कसं होईल हे सांगता येत नाही. पत्रिकेवरून सांगणाऱ्यांइतकंच ते धाडसाचं होईल.

बदल कशाने होतो, यावर मला मेरी मेन यांच्या कामाइतकं उपयोगी काही सापडलं नाही. १९८०च्या दशकात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी आई-बापांच्याच मुलाखती घेतल्या. त्यात एक प्रश्न असतो: तुमच्या आईशी असलेल्या नात्याचं वर्णन करणारे पाच शब्द सांगा. मग एकेक शब्द घेऊन विचारतात, असं का म्हणालात, एखादी आठवण सांगा. कोणी ‘प्रेमळ’ म्हणतं आणि त्याला एकही आठवण सापडत नाही. कोणी एका आठवणीतून दुसऱ्या तक्रारीत शिरतं, वीस वर्षांपूर्वीचं भांडण आज सकाळचं असल्यासारखं. आणि काहींचं बालपण खडतर असतं, पण ते सलग सांगता येतं: काय झालं, मला काय वाटलं, त्यांची काय अडचण होती. या शेवटच्या लोकांच्या मुलांचा लळा बहुधा सुरक्षित निघतो. बालपण कसं गेलं याहून, ते आज कसं सांगता येतं याचा पुढच्या पिढीशी जास्त मेळ बसला.

म्हणून तुम्हाला पहिलं काम सांगते. ते लग्नाविषयी नाही, आजीविषयी आहे. आजीसाठी पाच शब्द लिहा, प्रत्येकाला एक आठवण. नंतर आईसाठी. यंदा अखाजीला माहेरी जाल तेव्हा आईला, मावशीला, गावातल्या जुन्या बायांना विचारा: मला नेलं तो दिवस कसा होता? मी काय म्हणाले? आजी नंतर माझ्याविषयी काय बोलायची? आई सुरुवातीला म्हणेल, ‘जाऊ दे ना, कशाला जुनं उकरतेस.’ तिच्यावर आरोप नाही एवढं आधी सांगून ठेवा. मुकादमाची उचल अंगावर असताना, कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, असा हिशोब असताना तिला घरी राहायची मुभा कोणी दिली होती? अनेक आया हे ऐकल्यावरच बोलू लागतात. रडू आलं तर येऊ द्या. ते आजीचं राहून गेलेलं रडू आहे.

फोनचं बघू. तुम्ही लिहिलंय तसा एक प्रसंग मी जरा संथ करून मांडते. रात्री दीड. ते अकराला साइन ऑन झालेत, म्हणजे ड्युटीवर चढलेत. मुलगी उठली, पाजून झोपवलं, सहज फोन लावला. बंद. इथवर काहीच झालेलं नाही, कारण इंजिनावर मोबाइल बंद ठेवण्याचा नियमच आहे आणि तुम्हाला तो पाठ आहे. पण छातीतली धडधड नियम वाचत नाही. ती म्हणते, माणूस नजरेआड झालं. दुसरा कॉल, पाचवा, बारावा. हे कॉल ‘कुठे आहात’ विचारायला नसतात. ओ मिळेपर्यंत हाका मारायच्या, हे वर्षाच्या बाळाचं काम तुम्ही करत असता, आणि त्या वयात ते अगदी योग्य काम असतं. सकाळी ते खंडवा किंवा बडनेऱ्याच्या रनिंग रूममध्ये (गाडीवरच्या कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीच्या खोलीत) फोन उघडतात, वीस मिस्ड कॉल. त्यांना आधी वाटतं, बाळाला काही झालं का? मग राग. मग घरी येताना पाय जड.

यात तीन गोष्टी करून बघा. निघताना आणि उतरल्यावर त्यांनी एक ठरलेला मेसेज टाकायचा: ‘चढलो, खंडवा, सकाळी सातपर्यंत’, आणि नंतर ‘उतरलो’. एवढंच. मेसेज त्यांनी आपणहून टाकायचा, तुमच्या कॉलला उत्तर म्हणून नाही. न मागता मिळालेला शब्दच तो जुना अंदाज बदलतो. भांडून मिळवलेला शब्द बदलत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. गाडी लेट होते, लूपमध्ये (बाजूच्या रुळावर) तासन् तास उभी राहते, म्हणून सातच्या पुढे दोन तास धरूनच चला. दुसरं, दीड वाजता हात फोनकडे गेला की कॉलऐवजी एक ओळ लिहून ठेवा, पाठवू नका: ‘आत्ता भीती वाटतेय, आजी आठवतेय’ किंवा जे असेल ते. भीतीला नाव दिलं की ती थोडी उतरते. तिसरं अवघड आहे. ते घरी आल्यावर पहिलं वाक्य ‘फोन का नाही उचलला’ हे असेल तर पुढचं सगळं ठरलेलं आहे. त्याऐवजी, झोप झाल्यावर, चहा घेताना म्हणायचं: ‘रात्री मी फार घाबरले होते. तुम्ही दिसलात, बरं वाटलं.’ तुमच्या रागाच्या तळाशी हेच वाक्य आहे, पण ते त्यांच्यापर्यंत कधी पोचलेलं नाही. आणि त्यांना हे वाचायला द्या. त्यांच्यासाठी माझं एकच सांगणं: गप्प बसायचंच असेल तर ‘मला तासभर दे, मग बोलू’ एवढं बोलून गप्प बसा, आणि तासाभराने खरंच बोला.

सगळ्याचा दोष बालपणावर टाकायला मात्र मी तयार नाही. दहा महिन्यांचं बाळ, तुटक झोप, आणि नवरा रात्री इंजिनावर: काळजी वाटायला एवढं पुरेसं आहे. बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉइड बिघडू शकतं आणि त्यातही धडधड, बेचैनी होते. हिमोग्लोबिन कमी असलं तरी तेच. म्हणून रक्ताच्या दोन तपासण्या, थायरॉइडसाठी टीएसएच आणि हिमोग्लोबिनसाठी सीबीसी, एकदा करून घ्या. दिवसचे दिवस मन उदास राहत असेल, कशात रस वाटत नसेल, बाळ झोपलं तरी तुम्हाला झोप येत नसेल, तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं आणि त्यावर चांगले उपचार आहेत.

मुलीचं. १९९१ पासून अमेरिकेत हजारावर मुलांचा एक मोठा अभ्यास झाला. आईव्यतिरिक्त कोणी सांभाळलं, किती तास, कोणत्या वयापासून, यातल्या कशानेही एकट्याने बाळाचा आईशी लळा असुरक्षित झाला नाही. आईचं स्वतःचं लक्ष कमी आणि त्यात बाहेरचा सांभाळही हलगर्जी, जास्त तासांचा किंवा सारखा बदलणारा, अशी जोड झाली तरच धोका वाढला. तुमच्याकडे सांभाळणारी एकच, घरची, आणि तुम्ही रोज संध्याकाळी परत. तुमच्या बालपणाशी याची तुलनाच नको. तिथे परत येण्याला सहा महिने लागायचे.

दहा महिने हे वय मात्र नाजूक आहे. सात-आठ महिन्यांपासून बाळाला माणूस ओळखू येतं आणि ते गेलेलं कळतं. वर्ष-दीड वर्षापर्यंत हे रडणं टिपेला असतं. जूनमध्ये ती रडेल. लळा लागलाय म्हणून रडेल. तेव्हा मे महिन्यातच सुरुवात करा: सासूबाईंनी तिला खाऊ घालायचं, न्हाऊ घालायचं, तुम्ही घरातच दुसऱ्या खोलीत; मग अर्धा तास बाहेर, मग दोन तास. आणि एक आपल्याकडची हमखास युक्ती बंद: ‘ती बघ चिऊ’ म्हणून तोंड फिरवायचं आणि आईने मागच्या दाराने सटकायचं. रडणं वाचतं खरं, पण मग पोर दिवसभर दाराकडे डोळे लावून बसते, तुम्ही नुसत्या मोरीत गेलात तरी टाहो फोडते. समोरून जा. ‘मी शाळेत जाते, संध्याकाळी येते’, एकच वाक्य, रोज तेच, पापा, आणि निघा. रेंगाळू नका. संध्याकाळी आल्यावर पदर खोचून थेट स्वयंपाकघरात शिरण्याआधी पंधरा मिनिटं खाली बसा तिच्याजवळ. ती आधी रुसेल, तोंड फिरवेल. ते का, हे तुम्हाला आता ठाऊक आहे.

सासूबाई म्हणतील, ‘रडू दे, छाती भरते’, किंवा ‘मांडीची सवय लागते’. वाद घालू नका. बाल्टिमोरच्या घरांत जिथे सुरुवातीच्या महिन्यांत बाळाच्या रडण्याला लवकर ओ मिळाली, तिथली बाळं वर्षाच्या शेवटी कमी रडत होती, असं सांगा, किंवा त्याहून सोपं, त्यांच्याच पद्धतीने त्यांना कौतुकाने कामाला लावा. आणि स्वतःकडून अचूकपणाची अपेक्षा ठेवू नका. एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई-बाळाचे व्हिडिओ क्षणाक्षणाने तपासले तेव्हा चांगल्या, निरोगी जोड्यांतही दोघांचा मेळ साधारण ३० टक्के वेळच बसलेला दिसला. बाकी वेळ चुकायचं आणि दुरुस्त करायचं. बाळ त्या दुरुस्तीवरच भरवसा ठेवायला शिकतं. शाळेतून दमून आलात, खेकसलात, मग जवळ घेतलंत, हे चालतं.

लेकीपुरतं एक अजून, कारण तुमची गोष्ट ऐकल्यावर ते सांगायलाच हवं. तिला सासूबाईंचा लळा तुमच्याइतका लागला तर हेवा वाटेल. वाटू द्या, पण तोडू नका. उद्या बदली झाली आणि गाव सोडावं लागलं तर ‘आजी येईल हं नंतर’ अशी थाप मारू नका. कुठे जातोय, आजी कुठे राहणार, फोन कधी करायचा, भेटायला कधी यायचं, हे दोन वर्षांच्या मुलालाही सांगता येतं आणि ते तिला कळतं. दोन-चार महिन्यांनी खरंच भेटवा.

मदत कधी घ्यायची: महिना-दीड महिना हे करूनही रात्रीची धडधड तशीच असेल, किंवा जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील, तर थांबू नका. दुसऱ्या बाबतीत तर त्याच दिवशी. शासनाची टेली मानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. जोडप्याने मिळून यावं हे उत्तम. मिस्टर तयार नसतील तर एकट्या या, एकाची चाल बदलली तरी भांडणाची चाल बदलते. ते आलेच तर त्यांच्या रेस्टच्या दुसऱ्या दिवसाची वेळ घ्या. लाइनवरून उतरल्या उतरल्या आणलेले नवरे माझ्या खुर्चीत बसल्या जागी पेंगतात आणि बायकांना वाटतं, इथेही हा गप्पच.